डोक्यामागची जागा

मुलांना मी कायम उलटी दिसते. ऑपरेशनच्या टेबलावर मूल उताणं झोपतं, मी त्याच्या डोक्यामागे उभी असते, आणि भुलीचा मास्क धरायला वाकले की त्याला आधी माझी हनुवटी दिसते, मग नाक, मग डोळे. सव्वीस वर्षं भूल देतेय मी, आणि सव्वीस वर्षं हेच चाललंय. पोट, पाय, हृदय सगळं सर्जन लोकांचं. मूल झोपेपर्यंत डोक्यामागची जागा माझी. टाळूच्या नाहीतर कानाच्या ऑपरेशनला ते मला तिथूनही उठवतात आणि एका बाजूला सारतात. मग मी पुटपुटत उठते. मॅडमची खुर्ची हलवली की मॅडमचं तोंड सुरू, असं थिएटरमधल्या सिस्टर म्हणतात.

तोंड माझं तिखटच आहे, नाही कशाला म्हणू? आवाज मात्र हळू. भूल देताना एका सुरात, हळू, न थांबता बोलत राहायचं असतं, म्हणजे मूल त्या आवाजाला धरून झोपेत उतरतं. तो आवाज माझ्या इतका अंगवळणी पडलाय की भाजीवाला म्हणतो, "बाई, भांडायचंय तर जरा मोठ्याने भांडा, मला कळू तरी द्या." ही जागा आणि हा आवाज, दोन्ही आधीच सांगून ठेवते. पुढे लागणार आहेत.

आईबाप मला पूर्वी दोनच प्रश्न विचारायचे: दुखेल का, आणि जाग कधी येईल. आताशा तिसरा आलाय. "डॉक्टर, मेंदूवर काही परिणाम?" कुठेतरी वाचलेलं असतं की उंदरांच्या पिल्लांना भूल दिली, मेंदूतल्या पेशी मेल्या, आणि मोठी झाल्यावर ती पिल्लं वाट चुकायला लागली. वाचलेलं खरं असतं. मग मी सांगते, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. एकदाच आणि थोडाच वेळ दिलेल्या भुलीने मुलांच्या बुद्धीत पुढे फरक पडलेला दिसत नाही, हे बऱ्यापैकी तपासून झालंय. पण तीन वर्षांच्या आत पुन्हा पुन्हा दिली, किंवा एकदाच पण तीन तासांहून जास्त दिली, तर काय होतं याचं छातीठोक उत्तर आज कोणाकडेच नाही. म्हणून ज्याला घाई नाही ते पुढे ढकलावं, ज्याला आहे ते ढकलू नये, कारण ऑपरेशन न केल्यानेही नुकसान होतंच. हे सगळं मी पाठ म्हणते, आणि ते खरं आहे. फक्त ज्या एका आईला ते सांगायला हवं होतं तिला मी ते सांगितलं नाही. ती माझी सख्खी धाकटी बहीण.

धाकटीची मुलगी जन्मली ती वरचा ओठ आणि टाळू दुभंगलेली. घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण पाय फुटल्यापासून ती एका जागी ठरलेली नाही. ओठ चौथ्या महिन्यात शिवला, टाळू वर्षाची झाल्यावर. दोन्ही वेळा भूल मी दिली. धाकटीने अटच घातली होती, "ताई, तू असशील तरच मी पोरीला आत सोडीन." तेव्हा मला काय अभिमान वाटला होता!

टाळूला एक बारीक भोक राहिलं. दूध प्यायलं की नाकातून यायचं. अडीच वर्षांची असताना ते बुजवायची तारीख मिळाली, आणि त्याच्या दोन आठवडे आधी मी एका परिषदेत त्या उंदरांवरचं भाषण ऐकलं. पडद्यावर पिल्लांच्या मेंदूचे फोटो होते, मेलेल्या पेशींचे काळे ठिपके पडलेले. आजूबाजूचे डॉक्टर लिहून घेत होते आणि मी बोटं मोजत होते. दोन झाल्या. तिसरी येतेय. पोर अडीच वर्षांची. सहा महिने थांबलो तर तीन पूर्ण होतील.

हेच सांगायला मी धाकटीकडे गेले होते. ती भिंगरीच्या एवढ्याशा फ्रॉकला इस्त्री करत बसली होती. म्हणाली, "हे एकदाचं शेवटचं झालं ना ताई, की सुटलो गं आपण." मी चहा प्यायले आणि परत आले. सर्जनलाही बोलले नाही. टाळू लवकर बुजली तर बोलणं नीट येतं, तेही खरंच होतं, आणि त्या खऱ्याच्या मागे मी लपले.

दीड तासाचं ऑपरेशन. रक्त थांबेना. तीन तास वीस मिनिटं लागली. सगळे टाळूकडे बघत होते. घड्याळाकडे मी एकटीच. संध्याकाळी घरी जाताना मी एक वही विकत घेतली.

पहिल्या पानावर तीन ओळी लिहिल्या: पहिली, पन्नास मिनिटं. दुसरी, एक तास पंचेचाळीस. तिसरी, तीन तास वीस. आणि पोर जरा मोठी झाल्यावर दर रविवारी तिची परीक्षा घ्यायला लागले. कोणाला कळू न देता, अर्थात. धाकटी तिला रविवारी माझ्याकडे सोडायची. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला दोन पायऱ्या आहेत, वरच्या पायरीवर मी, खालच्या पायरीवर ती, आणि मी मागून तिच्या वेण्या घालायचे. घालता घालता म्हणायचे, "चार, नऊ, दोन, सात. आता तू म्हण." मग एखादी दोन ओळींची गोष्ट, आणि तिच्यावर प्रश्न. ती गेली की वहीत उत्तरं.

सहाव्या वर्षी ती चार आकडे म्हणायची. सातव्या वर्षीही चारच. आठव्या वर्षी तीन, आणि कधी कधी तेही नाहीत. वाढायला हवेत तिथे आकडे उतरत होते. गोष्टीतलं तर तिच्या डोक्यात काही म्हणजे काही राहत नव्हतं. त्यातच शाळेतून तक्रारी सुरू झाल्या: लक्ष नसतं, शेवटच्या बाकावर बसून खिडकीतून बघते, हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळते. बाईंनी सुचवलं, हेच वर्ष पुन्हा करू द्या. धाकटी माझ्यापुढे तावातावाने म्हणायची, "माझी पोर हुशार आहे! माझ्याशी बोलते तेव्हा कशी फडाफड बोलते, बाईंनाच शिकवता येत नाही." मी मान डोलवायचे. आणि ती गेली की वही उघडून बसायचे.

मग एका रविवारी धाकटी भिंगरीला न्यायला आली आणि केसांची पिन शोधायला तिने माझा खण उघडला. कंगवे, रबरं, पिना आणि वही, सगळं एकाच खणात. माझंच शहाणपण, दुसरं काय!

मी आत आले तेव्हा ती उभ्याउभ्याच वाचत होती. पहिलं पान वाचून झालं होतं. "हे काय आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बस, सांगते." ती बसली नाही. मी सांगितलं, उंदरांचं भाषण, सहा महिने, सगळं. सांगताना माझा तो भुलीचाच आवाज लागला होता, हळू आणि एका सुरातला, आणि त्याचा तिला आणखी संताप आला.

"म्हणजे तुला माहीत होतं. आधी माहीत होतं."

"खात्रीने कोणालाच माहीत नाही, धाकटे. आजही नाही."

"मग ही वही कसली? माझ्या पोरीला तू उंदीर केलंस ताई. दर रविवारी वेण्या घालत घालत!"

तिने वही पिशवीत कोंबली, भिंगरीचं बखोट धरलं आणि निघून गेली. भिंगरीची एक वेणी अर्धीच झाली होती.

दुसऱ्या दिवशी धाकटीने शाळेला कळवलं, हेच वर्ष पुन्हा करू दे. दोन महिने जी नाही नाही म्हणत होती, तिने माझ्या वहीवर विश्वास ठेवला आणि लेकीवरचा काढून घेतला. हे मला तिच्या नवऱ्याने फोनवर सांगितलं. मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून रडले. मला रडायला येत नाही असं हॉस्पिटलात सगळ्यांना वाटतं, पण चांगलं येतं.

दोन रविवार सुने गेले. तिसऱ्या रविवारी दारावर थाप पडली. भिंगरी, आणि मागे तिचा बाबा. हा माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली दोन खर्च केली. "हिच्या आईला सांगून आणलंय. ती काही म्हणाली नाही, म्हणजे हो."

भिंगरीचं डोकं बघवत नव्हतं. भांग कपाळापासून निघून भलतीकडेच गेला होता. "आईला येतच नाही," ती म्हणाली. "आज आरशासमोर घाल. तू कशी घालतेस ते मला बघायचंय, मग मी आईला शिकवते."

म्हणून आम्ही त्या दिवशी पायऱ्यांवर बसलो नाही. कपाटाच्या आरशासमोर स्टूल ठेवलं, ती त्यावर बसली, मी मागे उभी राहिले. आकडे घ्यायचे नाहीत अशी मी स्वतःला शपथ घातली होती. पण हात कंगव्याला लागला की तोंड आपोआप सुरू होतं, मेली सवय! "चार, नऊ, दोन," मी बोलून गेले.

"चार, नऊ, दोन," ती आरशात बघत म्हणाली.

"सात, तीन, आठ, एक."

"सात, तीन, आठ, एक."

"पाच, दोन, नऊ, चार, सहा."

"पाच, दोन, नऊ, चार, सहा. मावशी, भांग सरळ येतोय बघ!"

आठ वर्षांच्या मुलीला पाच आकडे म्हणजे अगदी झकास. माझा हात थांबला. हातातलं रबर खाली पडलं. ते उचलायला मी तिच्या मागे वाकले आणि वाकूनच म्हटलं, "तीन, आठ, एक."

काही नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. उठून बघितलं तर ती आरशात स्वतःलाच दात दाखवत बसली होती.

"अगं, मी काय म्हटलं?"

"कधी? तू खाली होतीस ना, मला दिसत नव्हतीस."

मी कंगवा तोंडासमोर धरला आणि त्याच आवाजात आकडे म्हटले. तिने मान वाकडी केली, कंगव्याच्या कडेने माझे ओठ बघायचा प्रयत्न केला आणि वैतागून म्हणाली, "कंगवा काढ ना, मग कळेल."

मी पलंगावर बसले. तिला माझ्याकडे वळवून विचारलं, "भिंगरे, मागून कोणी बोललं तर तुला कळतं का?"

तिने मला वेड्यात काढलं. "मागचं कोणाला कळतं?"

तिला वाटत होतं की सगळ्या जगालाच मागचं ऐकू येत नाही.

हुशार होती हो पोर! ओठ बघून सगळं समजून घेत होती. आई समोर बसून बोलते, म्हणून आईशी फडाफड बोलायची. बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात, म्हणून शाळेत खिडकी. आणि मावशी? मावशी मागे बसून, भुलीच्या आवाजात, हळू, एका सुरात बोलायची. जितकं काळजीने बोलायची तितकं हळू. पोरीने त्यातूनही तीन-चार आकडे पकडले, हेच आश्चर्य.

रात्री तिला माझ्याकडेच ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हॉस्पिटलातल्या कानवाल्या डॉक्टरांकडे नेलं. फोन करून धाकटीला बोलावलं. ती आली, माझ्याशी न बोलता पलीकडच्या खुर्चीत बसली. भिंगरीला काचेच्या खोलीत हेडफोन घालून बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. बटण फार कमी वेळा दाबलं गेलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांत बघितलं आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे.

"पडद्यांमागे पाणी साचलंय. पाणी कसलं, डिंक झालाय. टाळू दुभंगलेल्या मुलांना हे होतंच, हे तुम्हाला मी सांगायचं? असल्या कानांसाठी माझ्याच टेबलावर तुम्ही शेकडो पोरं झोपवली असतील. ही तपासणीला का आली नाही इतकी वर्षं?"

का आली नाही? कारण घरात डॉक्टर होती ना! मावशी दर आठवड्याला बघतेय म्हटल्यावर बाकीच्या तारखा कोण पाळतो? आणि मावशी बघत होती तिच्या मेंदूत, रात्रंदिवस तिथेच; त्याच्या दोन बोटं अलीकडे कान आहेत हे तिला दिसलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा! भुलीच्या औषधाने काही बिघडलं असतं तर ते होतं तिथेच राहिलं असतं, आकडे वर्षागणिक खाली कसे आले असते? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पडला असता हा प्रश्न. मला पडला नाही, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं.

शाळेत पहिला बाक मिळाला. बाईंना समोर बघून बोलायला सांगितलं, आणि वर्ष पुन्हा करायचं तूर्त थांबलं. कधीकधी हे पाणी आपोआप जातं, म्हणून डॉक्टरांनी तीन महिने वाट बघायला लावली. पाणी हललं नाही. उलट पडदे आत ओढले जायला लागले. डॉक्टर म्हणाले, आता थांबलो तर पडदे चिकटतील आणि ऐकणं कायमचं जाईल. पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढायचं आणि एवढीशी नळी बसवायची, दहा मिनिटांचं काम. पण मुलांना ते पूर्ण भूल देऊनच करावं लागतं.

धाकटी उठून उभी राहिली. "नाही. चौथी नाही."

"मॅडम, तुम्ही समजवा," डॉक्टर मला म्हणाले आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. शहाणा माणूस.

आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो, शेजारी शेजारी, समोरच्या भिंतीकडे बघत. मला एकदम जाणवलं की मी पुन्हा तेच करतेय. उठले, एक खुर्ची ओढून तिच्या समोर ठेवली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"ऐक," मी म्हटलं, आणि मुद्दाम मोठ्याने म्हटलं. "ती आता आठ वर्षांची आहे. दहा-पंधरा मिनिटांची भूल. या वयाला एवढ्याने काही होतं असं कुठेही दिसलेलं नाही. कान तसेच ठेवले तर काय होतं ते मात्र नक्की माहीत आहे. हे एक. दुसरं, त्या पहिल्या तिन्हींनी तिचं काही गेलं का, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. त्यांच्याशिवाय ती कशी झाली असती ते बघायला दुसरी भिंगरी नाही आपल्याकडे. तिसरीच्या वेळी सहा महिने थांबूया, असं मी म्हणायला हवं होतं. निदान तुला विचारायला तरी हवं होतं."

"का नाही विचारलंस?"

"तू मला विचारलं असतंस की काय करू. आणि मला येत नव्हतं."

तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी तिची पाटी फोडली होती तेव्हा बघत होती तशी.

"मी तेव्हाही सहीच केली असती, ताई," ती म्हणाली. "दूध नाकातून यायचं तिच्या, मला बघवत नव्हतं. पण तू एकटीच घाबरत बसलीस पाच वर्षं. मला घेतलं असतंस तर दोघी घाबरलो असतो. मी काही डॉक्टर नाही, मी आपलं तिच्याकडे बघितलं असतं. एकीला तरी कान दिसले असते."

ती म्हणत होती ते शंभर टक्के खरं होतं, आणि असं खरं मला आजवर कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं. मी रडायला लागले, तीही लागली. तिथून जाणाऱ्या एका आजोबांनी न विचारताच आम्हाला पाण्याची बाटली दिली.

"आण तो सहीचा कागद," धाकटी नाक पुसत म्हणाली. "पण एक अट. तू डोक्यामागे उभी राहायचं नाहीस."

म्हणून चौथी भूल माझ्या हाताखालच्या ज्युनियरने दिली. मी तिला शिकवलेलं सगळं ती नीट करत होती, आणि माझे हात नुसते शिवशिवत होते. मी भिंगरीच्या कमरेशी उभी होते, तिचा हात हातात धरून. टेबलावरच्या मुलांना मी उलटी दिसते, हे आदल्या दिवशी सांगून तिला हसवलं होतं. ज्युनियर मागून म्हणाली, "दहापर्यंत मोज बघू." पोरीला अर्थातच ते कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि ओठ मोठे हलवत म्हटलं, "मोज. एक..."

"मावशी, तू आज सुलटी आहेस," ती मास्कमधून म्हणाली, आणि चारला झोपली.

अकरा मिनिटं लागली. मॉनिटर मला दिसत होता, आकडे उत्तम होते, तरीही त्या अकरा मिनिटांत मला कळलं की दाराबाहेर बसलेल्या आया माझ्याकडे जीव मुठीत धरून का बघतात. जाग आल्यावर भिंगरीने डोळे किलकिले करून पहिलं काय विचारलं असेल? "कोण ओरडतंय?" कोणी ओरडत नव्हतं. पलीकडे दोन सिस्टर आपसात बोलत होत्या.

पुढच्या रविवारी ती आली ती काखेत वही घेऊन. "आईने दिलीय तुला." आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसलो, मी वर, ती खाली, मी कंगवा हातात घेतला आणि तोंड घट्ट मिटून ठेवलं. एक वेणी झाली. दुसरी निम्मी झाली.

"आज आकडे नाहीत?" तिने मान न वळवता विचारलं.

"नाहीत."

"का? मी आता ढ नाही म्हणून?"

माझ्या हातातून केस सुटले. "तू ढ आहेस असं कोण म्हणालं तुला?"

"कोणी नाही. तू आकडे विचारायचीस, मी सांगायचे, आणि मग तू उसासा टाकायचीस. दर वेळी."

"तो बरा ऐकू यायचा!"

"ऐकू नाही यायचा," भिंगरी म्हणाली. "मानेवर लागायचा."

पाच वर्षं मी त्या वहीत शोधत होते की त्या भुलींनी पोरीचं काय गेलं. तीन वर्षं दर रविवारी त्या इवल्या मानेवर मी स्वतः काय ठेवत होते, ते कुठल्याच पानावर नव्हतं. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता ती वही फाडून टाकावी. पण तोवर भिंगरीने ती मांडीवर उघडली होती. पहिलं पान. माझ्या अक्षरातल्या तीन ओळी, आणि खाली धाकटीच्या गिचमिड अक्षरात चौथी: अकरा मिनिटं. आईला सगळं सांगून.

भिंगरीने पहिल्या तिन्हींवर बोट ठेवलं. "आणि हे तीन काय आहेत?"

लहान आहेस अजून, मोठी झालीस की सांगीन, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं. पायरीवरून उठले, तिला वरच्या पायरीवर बसवलं, आणि मी खाली अंगणात, तिच्या समोर, जमिनीवर फतकल मारली. तिचे पाय माझ्या मांडीला लागत होते. अर्धी वेणी सुटून खांद्यावर आली होती. मग मी तिला सांगितलं, मोठ्याने, आठ वर्षांच्या मुलीला कळेल तसं: ओठाचं, टाळूचं, घड्याळाचं आणि उंदरांचं.

उंदरांपाशी तिने भुवया वर केल्या. "मग माझं काही गेलं का?"

"माहीत नाही मला."

"डॉक्टर असून?"

"डॉक्टर असून. कोणालाच माहीत नाही."

तिने वही पुढे उलटली, एक कोरं पान काढलं आणि माझ्यासमोर हात पसरला. "पेन दे. तू नापास."

मी दिलं. "लिही," मी म्हटलं. "आणि आजची तारीख घाल."